रंगाखाली दडलेली रेष: सायमनसन यांच्या ‘थॉर’ची आर्टिस्ट्स एडिशन

हे पुस्तक हातात धरून वाचता येत नाही. १२ इंच रुंद आणि १७ इंच उंच असे हे वजनदार पुस्तक टेबलावर सपाट ठेवावे लागते, त्यासाठी टेबलावरचे बाकी सारे आवरावे लागते आणि पान उलटताना दोन्ही हात लावावे लागतात. ‘वॉल्टर सायमनसन्स द मायटी थॉर: आर्टिस्ट्स एडिशन’ हे त्याचे पूर्ण नाव. आयडीडब्ल्यू या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने ते २०११ मध्ये काढले आणि २०१२ मध्ये जुन्या कॉमिक्सच्या सर्वोत्तम पुनर्प्रकाशनासाठीचा आयस्नर पुरस्कार त्याला मिळाला. त्यात सायमनसन यांनी लिहिलेले आणि चितारलेले ‘थॉर’चे, म्हणजे नॉर्स पुराणातल्या हातोडाधारी देवावर बेतलेल्या सुपरहिरोच्या मार्व्हल कंपनीच्या मासिकाचे, ३३७ ते ३४० आणि ३६० ते ३६२ असे सात अंक आहेत. हे अंक रंगीत स्वरूपात यापूर्वी अनेकदा छापले गेले आहेत आणि आजही सहज वाचायला मिळतात. मग त्यांच्यासाठी एवढ्या आकाराचे पुस्तक कशाला, हा प्रश्न साहजिक आहे, आणि माझे हे परीक्षण त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

आर्टिस्ट्स एडिशन ही कल्पना संपादक स्कॉट डनबियर यांची. २०१० मध्ये डेव्ह स्टीव्हन्स यांच्या ‘रॉकेटियर’पासून त्यांनी ही मालिका सुरू केली. कल्पना सांगायला अगदी साधी आहे. चित्रकाराने ज्या जाड कागदावर प्रत्यक्ष पेन्सिल आणि शाई चालवली, तो मूळ बोर्ड मिळवायचा, त्याचे रंगीत स्कॅन करायचे आणि ते मूळ आकारातच छापायचे. चित्र काळ्या शाईचे असले तरी स्कॅन रंगीत, यातच सगळी गोम आहे. केवळ काळा-पांढरा स्कॅन केला असता तर शाई तेवढी उतरली असती आणि बाकीचे सारे पुसले गेले असते. रंगीत स्कॅनमुळे कागदाचा पिवळट पडलेला रंग दिसतो, खोडल्यानंतर मागे राहिलेली पेन्सिलीची फिकट खूण दिसते, निळ्या पेन्सिलीने केलेली आखणी दिसते, चुकलेल्या रेषेवर लावलेला पांढरा रंग दिसतो आणि मोठी काळी जागा भरताना शाई कुठे दाट बसली व कुठे पातळ राहिली तेही दिसते. छापील कॉमिक्समध्ये ‘काळा’ म्हणजे सपाट काळा. इथे काळ्याला पोत आहे, फराटे आहेत, आणि त्या फराट्यांना दिशा आहे.

हे महत्त्वाचे का, ते कळण्यासाठी त्या काळातले कॉमिक्स कसे तयार होत, हे थोडे ध्यानात घ्यावे लागेल. १९८०च्या दशकात मार्व्हलचा चित्रकार साधारणपणे १० इंच रुंद आणि १५ इंच उंच अशा चौकटीत पान काढत असे. ते पान छापताना जवळजवळ दोन-तृतीयांश आकारात लहान केले जाई. कागद वर्तमानपत्रासारखा, शाई शोषणारा. रंगकार वेगळा, आणि त्याच्या हाती निळा, लाल, पिवळा या तीन शाया व त्यांच्या ठरावीक टक्केवाऱ्या, म्हणजे सगळी मिळून जेमतेम ६४ रंगछटा. चित्रकाराला हे सारे ठाऊक असे आणि तो त्या हिशेबानेच रेष ओढत असे. फार बारीक रेष ओढली तर ती छपाईत तुटणार, दोन रेषांमधली फट फार कमी ठेवली तर ती बुजणार. म्हणजे वाचकाच्या हाती जे चित्र पोहोचत होते ते चित्रकाराने काढलेले नव्हतेच. आकार घटवणे, कागद आणि रंगकाम अशा तीन चाळण्यांतून गाळून उरलेले ते चित्र होते. चित्रकार त्या चाळण्यांसाठी काढत होता खरा, पण त्याच्या हाताने जे केले ते बोर्डावरच राहत होते.

मी स्वतः टाक आणि शाईने चित्रे काढते, त्यामुळे या पुस्तकाकडे मी पट्टी आणि भिंग घेऊनच बसले. शेजारी याच अंकांची रंगीत पुनर्मुद्रित आवृत्ती ठेवली आणि एकेक पान ताडून पाहिले. रंगीत आवृत्तीत ढगांच्या कडेला एक करडा पट्टा दिसतो. तो करडा आहे असेच मी इतकी वर्षे धरून चालले होते. मोठ्या पानावर तो पट्टा उलगडतो आणि त्या जागी स्वतंत्र, टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या रेषांचा एक जथा दिसू लागतो. रेषेच्या सुरुवातीला टाकावर दाब आहे, नंतर मनगट सैल झाले आहे आणि शेवटी टोक कागदावरून जवळजवळ उडाले आहे. ज्यांनी कधी टाकाने काम केले आहे त्यांना हे वाचून हाताच्या स्नायूंत ओळखीची जाणीव होईल. रेष किती वेगाने ओढली गेली हे शाईच्या कडेवरून कळते, आणि सायमनसन यांच्या रेषेचा वेग पाहून थक्क व्हायला होते. ती गुळगुळीत नाही. ती खरखरीत, कोनाकोनांची आणि मोडत पुढे जाणारी आहे, काही ठिकाणी तर एखाद्या दगडाची धार काढावी तशी. छापील अंकात हाच खरखरीतपणा थोडा ओबडधोबड वाटत असे. मूळ आकारात त्यातला आत्मविश्वास कळतो.

दगडाची उपमा मी उगाच दिलेली नाही. १९४६ मध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिल येथे जन्मलेल्या सायमनसन यांनी अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात भूशास्त्राचा अभ्यास केला होता. डायनोसॉर हा त्यांचा जुना ध्यास, आणि त्यांची स्वाक्षरीही लांब मानेच्या डायनोसॉरच्या आकाराची आहे. पुढे त्यांनी ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये कलाशिक्षण घेतले. १९७३-७४ मध्ये लेखक आर्ची गुडविन यांच्याबरोबर ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये केलेल्या ‘मॅनहंटर’ या लहान लहान भागांच्या कथेने त्यांचे नाव झाले. महाविद्यालयात असतानाच ते जॅक कर्बी यांच्या ‘थॉर’चे निस्सीम वाचक बनले होते, आणि अग्निदैत्य सर्टर असगार्ड या देवांच्या नगरीवर चालून येतो या कथेचा गाभा त्यांनी त्याच वयात, निव्वळ एक चाहता म्हणून मनाशी रचला होता. १९८३ मध्ये ‘थॉर’ हे मासिक त्यांच्या हाती सोपवले गेले तेव्हा ती जुनी शिदोरी त्यांच्याजवळ तयार होती.

कर्बी यांचे नाव निघाले की थोडे थांबावे लागते. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये १९१७ साली जन्मलेल्या या चित्रकाराने अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सला त्यांची देहबोली दिली. थॉर ऑगस्ट १९६२च्या ‘जर्नी इंटू मिस्टरी’च्या ८३व्या अंकात पहिल्यांदा अवतरला, तो कर्बी यांच्याच पेन्सिलीतून. वाचकाच्या अंगावर येणारी मूठ, पाय फाकवून जमिनीत रोवलेला देह, उकळत्या काळ्या ठिपक्यांनी दाखवलेली अवकाशातील ऊर्जा, या गोष्टी आज इतक्या सरसकट वापरल्या जातात की त्या कुणा एकाने शोधून काढल्या होत्या हेच विसरायला होते. कर्बी यांच्यानंतर ‘थॉर’ काढणाऱ्या बहुतेकांनी त्यांच्या आकारांची री ओढली. सायमनसन यांनी काय केले, हे या मोठ्या पानांवर फार स्पष्ट दिसते. त्यांनी कर्बी यांचे वजन घेतले, आकार घेतले नाहीत. कर्बी यांची माणसे शिल्पासारखी घनगोल असतात. सायमनसन यांची माणसे सपाट कागदावर धारदार पात्याने कापून ठेवल्यासारखी आहेत. पण दोघांच्याही पानावर एखादा घाव पडला, की तो पडल्याचे जाणवते. वारसा चालवणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला या क्षेत्रात तरी दुसरे सुचत नाही.

नोव्हेंबर १९८३ ही तारीख असलेल्या ३३७व्या अंकाचे मुखपृष्ठ कॉमिक्सच्या वाचकांना चांगलेच ठाऊक असते. घोड्यासारख्या तोंडाचा एक परग्रहवासी थॉरचा वेश घालून हातोडा उगारतो आहे आणि त्याच्या घावाने मासिकाचे नावच फुटून विखुरले आहे. हा बीटा रे बिल. थॉरचा हातोडा लायक असलेल्यालाच उचलता येतो, आणि असा लायक दुसरा कुणी असू शकतो, ही त्या वेळी वाचकांना हादरवणारी गोष्ट होती. आतल्या कथेचा आरंभ मात्र बिलपासून होत नाही. दूर कुठेतरी एका आकाशगंगेचा गाभा फुटतो, कुणी एक प्रचंड आकृती त्यातला वितळता गोळा ऐरणीवर ठेवते आणि घण घालू लागते. त्या घणाचा आवाज ‘डूम’. हा घण पुढे जवळजवळ वर्षभर मधूनमधून वाजत राहतो आणि तलवार घडवणारा तो हात कुणाचा, हे वाचकाला फार उशिरा कळते.

तो ‘डूम’ या पुस्तकात जरूर पाहावा, शक्य असेल तर तासभर पाहावा. ‘थॉर’ची अक्षरे जॉन वर्कमन यांनी लिहिली आहेत. त्या काळी अक्षरलेखन संगणकावर होत नसे. पेन्सिलीचे काम झालेला बोर्ड अक्षरलेखकाकडे जाई, तो त्याच बोर्डावर संवाद आणि त्यांच्याभोवतीचे फुगे शाईने काढी आणि मग बोर्ड शाईकामासाठी परत येई. म्हणजे एकाच कागदावर दोन हात काम करीत. इथे संवादांच्या अक्षरांखाली आखलेल्या फिकट रेघा दिसतात, आणि छापील अंकात यंत्राने बसवल्यासारखी वाटणारी अक्षरे प्रत्यक्षात किती जिवंत आहेत ते कळते. वर्कमन यांची एक लकब आहे. ते फुगा चौकटीच्या कडेला नेऊन भिडवतात आणि तिथली कडेची रेघच काढून टाकतात, त्यामुळे फुग्यातला पांढरा भाग चौकटीबाहेरच्या पांढऱ्याशी एकजीव होतो आणि संवाद चित्रावर चिकटवल्यासारखा न वाटता त्यातूनच निघाल्यासारखा वाटतो. आवाजांची मोठी अक्षरे तर चित्राच्या रचनेतच मुरलेली आहेत. ती काढून टाकली तर पानाचा तोल जाईल. घणाच्या घावाबरोबर उमटणारा ‘डूम’ हा तिथे वाचायचा शब्द उरतच नाही, तो ऐरणीइतकाच जड असा एक आकार होतो. माझ्या मते या पुस्तकाची सर्वांत मोठी देणगी हीच आहे. चित्रकाराचे कौतुक सगळेच करतात, पण अक्षरलेखकाचा हात इतक्या जवळून पाहायची संधी सहसा मिळत नाही.

शाईकामाबद्दलही एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण त्याशिवाय सायमनसन यांच्या पानांचे वेगळेपण नीट कळणार नाही. अमेरिकन मासिकांत पेन्सिल एकाची आणि शाई दुसऱ्याची, ही दीर्घकाळ रूढ पद्धत होती. दर महिन्याला अंक बाहेर पडायचा असेल तर दुसरा उपायही नव्हता. कर्बी यांच्या पेन्सिलीवर जो सिनॉट यांनी शाई चढवली की प्रत्येक आकार लखलखीत, घोटून काढलेल्या धातूसारखा होई. ‘थॉर’वर बराच काळ शाई चढवणारे व्हिन्स कोलेटा वेगळ्या वळणाचे होते. बारीक टाकाच्या मऊ, विस्कटलेल्या रेषांमुळे पुराणकथेला शोभेल असा एक जुनेपणा त्यांच्या पानांना येई, पण वेळ वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतल्या आकृती खोडून टाकण्याची त्यांची सवयही तेवढीच प्रसिद्ध आहे. एकाच चित्रकाराची पेन्सिल दोन हातांत दोन भिन्न चित्रे होते, ती अशी. सायमनसन यांनी या पुस्तकातल्या अंकांत लेखन, पेन्सिल आणि शाई अशी तिन्ही कामे स्वतः केली. त्यामुळे पेन्सिलीत सगळे पक्के करून ठेवायची त्यांना गरज नव्हती. काही निर्णय शाईच्या वेळी घ्यायचे असे ठरवूनच ते पेन्सिल चालवत असावेत, असे पाने पाहताना वाटत राहते. केसांच्या बटा, धूर, फाटलेली वस्त्रे अशा ठिकाणी शाईची रेष आधीच्या आखणीची गुलामी करीत नाही. ती तिथल्या तिथे सुचल्यासारखी येते.

शेवटचे तीन अंक, म्हणजे ३६० ते ३६२, मृतांच्या राज्यावरच्या स्वारीचे आहेत. थॉर आणि असगार्डचे योद्धे हेल नावाच्या त्या राज्यात पळवून नेलेल्या माणसांच्या आत्म्यांना सोडवायला जातात. इथे काळी शाई भरभरून आहे. मृत्युदेवी हेलाच्या शिरोभूषणाची फाट्याफाट्यांची काळी टोके रंगीत अंकात एकसंध आकार म्हणून दिसतात. इथे त्यांतले कुंचल्याचे फटकारे मोजता येतात. थॉरचा चेहरा ज्या लढाईत विद्रूप होतो ती इथलीच, आणि पुढे त्याला दाढी राखावी लागली ती त्यामुळेच.

आणि मग ३६२व्या अंकातला स्कर्ज. हा आयुष्यभर दुसऱ्यांच्या इशाऱ्यावर नाचलेला, खलनायकांच्या पंक्तीतला एक दुय्यम दांडगट. सुटका झालेले आत्मे आणि योद्धे परतत असताना मागून हेलाची सेना येते, आणि ग्यालरब्रू नावाच्या पुलावर कुणीतरी एकट्याने तिला थोपवून धरणे भाग असते. थॉर तिथे थांबणार असतो, पण स्कर्ज त्याला बाजूला सारून स्वतः थांबतो. हातात पृथ्वीवरून आणलेल्या एम-१६ बंदुका, समोर मेलेल्यांचे अफाट सैन्य. ही कथा मी पूर्वी कितीतरी वेळा वाचली आहे आणि दर वेळी ती मनाला भिडली आहे. पण या पुस्तकात त्या प्रसंगाची रचना पहिल्यांदा समजली. गर्दी दाखवायला सायमनसन यांनी प्रत्येक सैनिक काढलेला नाही. पुढचे थोडे आकार स्पष्ट आहेत, त्यामागचे केवळ रेषांचे इशारे आहेत, आणि त्याही मागे कोरा कागद आहे. छापील अंकात त्या कोऱ्या जागेत रंग भरलेला असतो, त्यामुळे ती जागा रिकामी आहे हे लक्षातच येत नाही. इथे ती रिकामी दिसते आणि तिथेच सैन्य सर्वांत मोठे वाटते. शेवट ज्या निवेदनाने होतो त्यात स्कर्ज तिथे एकटा उभा राहिला, एवढेच सांगितले आहे, आणि वर्कमन यांनी ती ओळ तितक्याच साध्या, कोणताही जोर न दिलेल्या अक्षरांत लिहिली आहे. इतक्या मोठ्या पानावर ती लहान अक्षरे पाहताना माझे डोळे भरून आले.

हे पुस्तक शक्य झाले त्यामागे एक व्यावहारिक कारण आहे आणि त्याचा संबंध या चित्रकारांच्या वारशाशी फार जवळचा आहे. कित्येक दशके अमेरिकन प्रकाशक मूळ चित्रे चित्रकारांना परत करीत नसत. छपाई झाली की बोर्डाचे काम संपले, अशीच समजूत होती. काही पाने नष्ट झाली, काही भेट म्हणून वाटली गेली, काही चोरीला गेली. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या प्रकाशकांनी चित्रे परत द्यायला सुरुवात केली, आणि तीही पेन्सिलकार व शाईकार यांच्यात वाटून. सायमनसन दोन्ही कामे स्वतः करीत असल्यामुळे अंक सबंध त्यांच्याकडे आला आणि त्यांनी तो जपून ठेवला. सलग पूर्ण अंकांचे असे पुस्तक निघू शकते ते यामुळेच.

कर्बी यांच्या वाट्याला हे आले नाही. मार्व्हलसाठी त्यांनी हजारो पाने काढली होती. ती परत मागितल्यावर कंपनीने सुरुवातीला अवघ्या ८८ पानांची तयारी दाखवली, आणि तीही जाचक अटींचा करार पुढे करून. अनेक चित्रकार आणि वाचक त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यानंतर १९८७ मध्ये सुमारे २,००० पाने त्यांना मिळाली. बाकीची कुठे गेली, त्यांतली किती शाबूत आहेत, हा विचार मनाला कष्ट देतो. उलट बाजूला एक सुंदर घटनाही आहे. स्टीव्ह डिटको यांनी काढलेली ‘अमेझिंग फॅन्टसी’च्या १५व्या अंकाची, म्हणजे स्पायडरमॅन जिथे जन्मला त्या अंकाची मूळ २४ पाने २००८ मध्ये कुणा अनामिकाने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. ज्या बाजारात १९८४च्या ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकातले माइक झेक यांचे एकच पान जानेवारी २०२२ मध्ये ३३.६ लाख डॉलरना गेले, त्या बाजारात स्वतःचे नावही न सांगता २४ पाने लोकांच्या स्वाधीन करणाऱ्या त्या माणसाचे मोल मला फार वाटते. अशी पाने भिंतींवर आणि तिजोऱ्यांत विखुरली जात असताना सात अंकांची पाने त्यांच्या क्रमाने, त्यांच्या खऱ्या आकारात कुणालाही पाहता येणे, ही या आर्टिस्ट्स एडिशनची किमया आहे.

आता मर्यादा. सर्वांत मोठी मर्यादा कथेची आहे. ३३७व्या अंकात सुरू झालेला घणाचा आवाज पुढे ज्या युद्धापर्यंत पोहोचतो ते ३५३व्या अंकापर्यंत चालते, आणि हे पुस्तक ३४०वर थांबून एकदम ३६०वर जाते. बीटा रे बिलची गोष्ट पूर्ण होते, त्याच्यासाठी घडवलेला स्टॉर्मब्रेकर हातोडाही त्याच्या हाती येतो, पण सर्टरचे काय झाले ते इथे कळत नाही. म्हणून ज्यांनी ही कथा आधी वाचलेली नाही, त्यांनी सुरुवात या पुस्तकाने करू नये. आधी रंगीत आवृत्ती सबंध वाचावी आणि मग इकडे यावे. दुसरी मर्यादा या प्रकाराच्या स्वभावातच आहे. मूळ बोर्डावर रंग नसतो, त्यामुळे रंगकाराचे काम या पुस्तकातून पूर्ण गळते. ६४ छटांत असगार्डचे सोने आणि हेलचा अंधार उभा करणे हीदेखील कारागिरीच होती आणि ती इथे दिसणार नाही, याची जाणीव ठेवूनच पाने पाहावीत. तिसरी गोष्ट, इतके मोठे पुस्तक कपाटात उभे ठेवले तर त्याची बांधणी स्वतःच्याच वजनाने सैल पडण्याची भीती असते. माझी प्रत मी कायम आडवी ठेवते.

या मालिकेतली इतर पुस्तकेही शेजारी ठेवून पाहिली की प्रत्येक हाताचा स्वभाव वेगळा कळतो. जॉन रोमिटा यांच्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या आवृत्तीत सगळा कारभार कुंचल्याचा आहे. १९६६ मध्ये ३९व्या अंकापासून स्पायडरमॅन हाती घेण्याआधी त्यांनी बरीच वर्षे प्रेमकथांची कॉमिक्स काढली होती, आणि गालावरून हनुवटीकडे उतरणारी त्यांची जाड-बारीक होत जाणारी रेष पाहिली की ती वर्षे कुठे मुरली ते समजते. डेव्हिड मॅझुकेली यांच्या ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’मध्ये, १९८६च्या त्या कथेत, रेष अंकागणिक कमी होत जाते आणि काळ्या-पांढऱ्या जागाच बोलू लागतात. कर्बी यांच्या १९६०च्या दशकातल्या पानांचा प्रश्न आणखी वेगळा. १९६७च्या सुमारापर्यंत पाने साडेबारा बाय साडेअठरा इंच अशा आकारात काढली जात, त्यानंतर ती १० बाय १५ झाली. कागद लहान झाल्यावर कर्बी यांच्या चौकटी मोठ्या आणि संख्येने कमी होत गेल्या. हातापुढची जागा घटली की माणूस कसा वेगळा विचार करू लागतो, हे त्या दोन आकारांची पाने एकापुढे एक ठेवली की दिसते. तुलनेची ही सोय लहान आकाराच्या कोणत्याही पुनर्मुद्रणात नाही, कारण तिथे सगळ्यांची पाने एकाच मापाची झालेली असतात.

या सगळ्यांत सायमनसन यांचे पुस्तक मी पहिले मानते, ते एकाच माणसाने लिहिलेले, आखलेले आणि शाई चढवलेले सलग काम म्हणून. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर पाहावे. स्वतःचे विकत घेणे जमत नसेल तर ग्रंथालयाकडे मागणी करावी किंवा ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी जाऊन पाहावे. पाहताना कथा वाचत सुटू नये. एक पान निवडावे, खिडकीशी तिरप्या उजेडात पुस्तक उघडावे, आणि रेष कुठे सुरू झाली व टाक कुठे उचलला एवढेच शोधत बसावे. मी अजून ३३७व्या अंकाच्या पहिल्या काही पानांतच घुटमळते आहे. काल त्या ऐरणीच्या कडेला पांढऱ्या रंगाने बुजवलेली एक जुनी रेष सापडली. घणाचा कोन आधी थोडा उभा होता, मग तो तिरका केला गेला असावा, असे तिच्यावरून वाटते.